प्रायमर कुणी दाबला?

भूतखेत, करणी, बाधा असलं काही माझ्यासमोर कुणी काढलं तर मी त्याला गॅरेजबाहेर काढतो. आजही काढेन. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे माझं पत्र्याचं गॅरेज आहे, चोवीस वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतोय. गाडी बंद पडते ती हवेनं, कचऱ्यानं, पाण्यानं, नाहीतर माणसाच्या हलगर्जीपणानं. पाचवं कारण नसतं. म्हणूनच हे लिहिताना माझं डोकं फिरलेलं आहे, आधीच सांगून ठेवतो.

गाडी महादेवी वहिनींची, डिझेल पिकअप. त्यांचा नवरा शिवानंद, होटगीचा, माझं जुनं गिऱ्हाईक आणि दोस्तसुद्धा. गेल्या दिवाळीत छातीत कळ आली आणि घरातच गेला. संक्रांतीनंतर वहिनींनी स्वतः स्टिअरिंग धरलं. एमआयडीसीतून टॉवेलच्या गाठी उचलायच्या आणि ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पोचवायच्या. घरात दोन पोरं, आणि कमावणारी ही एकच गाडी.

आणि हीच गाडी मध्येच मरायला लागली. लोड घेऊन चढाला लागली की दम सोडायची, बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही! झालं... लोकांना तेवढंच पाहिजे होतं. म्हणे, शिवानंदचा जीव गाडीत अडकलाय. अरे, लाजा वाटत नाहीत का? एक बाई उन्हातान्हात राबतेय, आणि तुम्ही चहाच्या टपरीवर बसून तिच्या मेलेल्या नवऱ्याला भूत करताय! तिचा दीर तर त्याच्याही पुढचा. "धरलेली गाडी दारात नको" म्हणत त्यानं ती विकायला नातेपुत्याचं एक गिऱ्हाईकसुद्धा ठरवून टाकलं.

मी वहिनींना म्हणालो, "गाडीला काही धरलेलं नाही. डिझेलचं प्रेशर कमी पडतंय, बस्स. मी शोधतो."

शोधलं की! मशीन लावलं, तर प्रेशर खरंच कमी. फिल्टर नवा टाकला. पारदर्शक नळी जोडून हवेचे बुडबुडे बघितले, एक नाही. इंजेक्टरचं परत येणारं डिझेल बाटल्यांत धरून बघितलं, बरोबर. पंप काढून तपासून आणला, तोही ठणठणीत. वहिनी गाडी घेऊन गेल्या की चार दिवसांनी पुन्हा टोचन करून माझ्याच दारात. तीनदा झालं असं. माझी झोप उडाली.

एकदा वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, डिझेल कमी असलं की लवकर बंद पडतीया बगा. टाकी फुल असली की न्हाई पडत. टाकीतच काय नसंल न्हवं?"

मी उखडलो. "टाकी संक्रांतीनंतर मीच उतरवून धुतलीय, वहिनी. माझ्या हातची टाकी आहे ती!"



व्यवहाराचा दिवस उजाडला. नातेपुत्याचा माणूस चारला येणार होता. मी वहिनींना म्हणालो, तोवर शेवटचं एकदा बघतो. दुपारचा दीड वाजला असेल, वैशाखाचं ऊन, पत्रा तापून कडकड वाजत होता. गॅरेजमधली पोरं जेवायला गेली होती, वहिनी समोरच्या लिंबाखाली बसल्या होत्या. मी बॉनेट उघडून नुसता बघत उभा होतो. इंजिन बंद. चावी माझ्या खिशात.

आता नीट वाचा. फिल्टरच्या डोक्यावर एक रबरी बटण असतं, प्रायमर म्हणतात त्याला. हातानं दाबलं की टाकीतून डिझेल ओढलं जातं आणि बटण फुगून वर येतं. ते बटण माझ्या डोळ्यांदेखत दबलं. मधोमध, अंगठ्यानं दाबावं तसं. वर आलं, पुन्हा दबलं, पुन्हा... तीनदा. मग जरा थांबून आणखी एकदा. आणि या वेळी ते वर आलंच नाही, तसंच आत चिकटून बसलं.

मी एक पाऊल मागं सरकलो. पण हात मिस्त्रीचा ना! प्रायमर दबून आत राहिला याचा अर्थ एकच, मागून डिझेल येत नाहीये. टाकीत कशानं तरी नळीचं तोंड बंद केलंय. मी दाबायचो तेव्हा दर वेळी फुगून वर यायचा, म्हणून तर मी फसलो होतो.

टाकी उतरवली. टाकीवर डिझेल दाखवणारा काटा बसतो, त्या भोकातून तार घातली आणि ओढलं, तर हिरव्या काठाचा, अर्धा फाडलेला टॉवेल बाहेर आला.

आमच्याकडे मिलचा रिजेक्ट माल येतो, सोलापुरात सगळी गॅरेजं त्यालाच हात पुसतात. तसल्याच हिरव्या काठाचा गठ्ठा माझ्या फळीवर अजून होता. टाकी धुतली तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून मीच भोकात टॉवेल कोंबला होता. तो आत घसरला, मला वाटलं वाऱ्यानं उडाला, आणि मी वरून काटा बसवून मोकळा झालो. इंजिन ओढायला लागलं की तो नळीला चिकटायचा, बंद झालं की सुटायचा. चोवीस वर्षांचा मिस्त्री मी! जिच्यासाठी जगाशी भांडत होतो, तिची गाडी माझ्याच बोळ्यानं विकायला निघाली होती.

वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मी सगळं सांगितलं, बटणाचंसुद्धा.

"कितींदा दाबलं?"

"तीनदा. मग थांबून एकदा."

त्यांनी त्या बटणावर अंगठा टेकवला. "त्ये तसंच दाबायचे. गाडी काडताना, रोज. मी हसायची त्यास्नी." मग तो टॉवेल हातात घेऊन काठ बघत राहिल्या. "सा म्हैने झाले, भावजी. माज्या सपनात बी आले न्हाईत. आन् तुमच्याकडं आले."

"मला का दाखवलं असेल, वहिनी?"

"चूक तुमची हुती की," त्या म्हणाल्या. रागानं नाही, साधंच.

नातेपुत्याचा माणूस चारला आला आणि तसाच परत गेला. गाडी त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेली नाही. टपरीवरचे आता तिला चमत्काराची गाडी म्हणतात, त्यांना मी पुन्हा शिव्या घातल्या. उष्णतेनं रबर आकसतं, डोळ्यांपुढं अंधारी येते... हे सगळं मला ठाऊक आहे, मलाच सांगू नका. उन्हानं रबर मोजून तीनदा आणि थांबून एकदा दबत नाही. कुणी दाबलं, ते मला आजही सांगता येत नाही.

वहिनींची माफी मी त्याच दिवशी मागितली. शिवानंदची कुठं जाऊन मागू?