लंकाबाईच्या गोठ्यातली जीप

दसरा झाला की आमच्या पाथर्डी तालुक्यातली गावं ओस पडतात. ऊस तोडायला बैल जातात, गाड्या जातात, नवरा-बायको जातात, कडेवरची पोरं जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शेरडं आणि उंदीर. पाऊस नाही म्हणून खळ्यात दाणा नाही, कणगीत दाणा नाही. उंदरांनी तरी करायचं काय? त्या हिवाळ्यात त्यांनी आमच्या ऊसतोड कामगार संघटनेची जीप धरली.

जीप तिसऱ्या हातची, हुड फाटलेला. ऊसतोडीच्या तळांवर फिरायला घेतलेली. ठेवायला जागा कुणी देईना. ज्यांची वाडे-अंगणं मोठी, त्यांना आमची जीप दारात नको होती. शेवटी गावातली म्हातारी लंकाबाई म्हणाली, "माझा गोठा मोकळाच हाय. बैलं पोरानं नेली. बांधा तुमचं जनावर."

तिचा पोरगा गोरक्ष आणि सून विजयमाला कोल्हारजवळच्या तळावर होते. सून पोटुशी. दोन हंगामांपूर्वी ती अशीच तळावर बाळंत झाली आणि अंग सावरायच्या आत डोक्यावर उसाची मोळी घेऊन उभी राहिली. कारण कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून गाडीपर्यंत न्यायच्या. एक बसला की मुकादम दुसऱ्यालाही वाटेला लावतो. पोर पाचटाच्या कोपीत एकटं पडून राहायचं. ते जगलं नाही.

"या खेपेला मी तिच्या जागी हुबी ऱ्हानार," लंकाबाई म्हणायची. "तिनं पोराजवळ बसायचं. बास."

तळ सारखे हलतात. आज या मळ्यात, उद्या त्या. एस.टी.नं कोल्हारला उतरून ती विचारणार कुणाला? तळांचा पत्ता आम्हाला ठाऊक. मी सांगितलं, पौषाची अमावास्या झाली की आमची फेरी आहे, चल. तेव्हापासून ती जीप तिचीच झाली.

मध्येच एका सकाळी गाडी चालू होईना. ड्रायव्हर कानिफनाथनं बॉनेट उचललं, तर आत लेंड्या आणि एक वायर कुरतडलेली. त्या दिवसाची सभा बुडाली. मी कानिफनाथवर ओरडलो, तो उंदरांवर ओरडला. संध्याकाळी बघतो तर लंकाबाईनं लोखंडी पाटीत निखारे घेऊन त्यावर मिरच्या टाकल्या आणि पाटी इंजिनाखाली सरकवली.

"ए मावशे! पेट्रोल हाय त्यात!" कानिफनाथ खोकत धावला. "उंदरं ऱ्हाऊ दे, गाव उडंल!"

"मंग तू सांग ना काय करायचं. नुस्ता टोपी घालून हिंडतो."

"मांजर पाळ."

"मांजराला घालू काय? तुझी टोपी?"

मग तिनं तिच्या रीतीनं सुरू केलं. गोठा रोज झाडायचा, गव्हाणीतला कडब्याचा चुरा काढून टाकायचा, चाकांभोवती राख पसरायची. राखेत पावलं उमटली की सकाळी शिव्या. थंडी वाढली तशी गाडी सकाळी लवकर चालू होईना. ते बघून ती म्हणाली, "गारठली बिचारी," आणि बाजरीचं रिकामं पोतं बॉनेटवर पांघरलं, थेट पुढच्या जाळीवर लोंबेल असं. बैलावर झूल टाकतात तसं. गाडी खरंच लवकर चालू व्हायला लागली. कानिफनाथही खूश. इतकी माणसं आणि इतकी कामं माझ्या अंगावर होती की चालतंय ते चालू दे, एवढीच अक्कल उरली होती.

निघायच्या सकाळी लंकाबाई न्हाऊन, गाठोडं घेऊन, शेरडं शेजारणीकडं सोपवून तयार. कानिफनाथनं चावी फिरवली. काही नाही. हँडल मारलं, घामाघूम झाला, काही नाही. बॉनेट उघडलं. इंजिनाच्या उबेला पोत्याच्या तागाचं गुबगुबीत घरटं, त्यात लाल पिल्लं, आणि इग्निशनची वायर पार तुटलेली. पोत्याचं खालचं टोक गायब.

कानिफनाथ पोत्याकडं बघत राहिला. "मावशे, तू त्यांना अंथरूण-पांघरूण दिलंस की."

मला वाटलं ही भांडेल. ती मटकन खाली बसली. "बैलाला घालतात म्हून घातलं रे. आता माझी सून..."

"रडू नको. तू रडलीस तर माझे हात चालत न्हाईत," कानिफनाथ म्हणाला आणि हॉर्नची वायर काढून तिथं जोडायला लागला. घरटं तिनं स्वतः सुपात काढलं आणि लांब बांधाला ठेवून आली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा गाडीनं आवाज दिला. तेव्हापासून आमची जीप बॉनेट उघडं टाकूनच उभी असते, उघडं आणि गार. उंदराला अंधार आणि ऊब दोन्ही मिळत नाही. पण हे शहाणपण त्या सकाळी उपयोगाचं नव्हतं.

हॉर्न नाही. पाथर्डीपासून नगर, नगरपासून राहुरी, प्रत्येक बैलगाडीमागं लंकाबाई बाहेर डोकं काढून ओरडत होती, "सरका रं, सरका! बाळंतीन हाय!" लोक गाडीत वाकून बघायचे आणि म्हातारी बघून हसायचे.

तळावर पोचलो तेव्हा दिवस मावळतीला होता. विजयमाला सकाळीच मोकळी झाली होती. शेजारच्या कोपीतल्या बायांनी सगळं केलं होतं. मुलगी. लंकाबाईनं पोरीला हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"आत्ती, उशीर केला," सून म्हणाली. "मुकादम इच्यारून गेला. परवापासनं ये म्हनला."

"परवा कशाला? उद्या येते म्हनावं."

"उद्या? मी?"

"तू न्हाई. मी."

मुकादम सकाळी आला आणि तिच्याकडं बघून हसला. मी त्याची कॉलर धरायला पुढं झालो. लंकाबाईनं मला हातानं मागं सारलं. "भाऊ, तुजं भाषन दुपारी कर. आत्ता गाडी भरायचीय." फडक्याची चुंबळ करून तिनं डोक्यावर ठेवली. गोरक्षनं मोळी उचलून दिली. तिची मान आत गेली, गुडघे वाकले, मग सरळ झाले. उसाच्या पाल्यातून ती गाडीकडं निघाली. मुकादम मोळी मोजत होता. कोपीत विजयमाला पोरीला पाजत होती.