मावशीचा जाहीर पिन

चाकणला राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात मला एका बाईचा पिन पाठ झाला. मी तो विचारला नव्हता की चोरून बघितला नव्हता. खानावळीत जेवायला बसले होते आणि आतल्या खोलीतून खणखणीत आवाजात चार आकडे बाहेर आले. पाठोपाठ हुकूम आला, "टाक रे लेकरा, भाजीवाला थांबलाय. माझे हात पिठात हायेत." दाराजवळ जेवणाऱ्या पोरानं डाव्या हातानं मावशीचा फोन उचलला, आकडे टाकले, भाजीवाल्याचे पैसे गेले आणि पोरगा पुन्हा आमटीकडे वळला. खोली माणसांनी भरलेली होती. कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

मला मात्र घास गिळवेना. नको तिथं नाक खुपसायची मला लहानपणापासून खोड आहे. शेजारणीच्या पिशवीत काय आहे, अमक्याच्या दाराला दोन कुलपं का आहेत, असले प्रश्न मला गप्प बसू देत नाहीत. घरी मला 'चौकशी खिडकी' म्हणायचे. त्यामुळे पिन असा ओरडून सांगणारी बाई बघितल्यावर मी काय स्वस्थ बसणार?

त्यात मी नुकतीच डिप्लोमा संपवून आले होते. शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात बँकेच्या लोकांनी शिबिर घेतलं होतं. तरुणांनी फोनवरचे व्यवहार नीट समजून घ्यायचे आणि मोठ्यांना शिकवायचे, अशी कल्पना. मी पथनाट्यात काम केलं होतं. 'पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला' हे वाक्य बसस्टँडवर घसा फाटेस्तोवर म्हटलं होतं. सर्टिफिकेट मिळालं होतं. पण शिकवायला माणूस मिळाला नव्हता. घरी वडील साधा फोन वापरतात आणि आई माझ्याकडून काही शिकायला तयार नसते. चाकणला एका कंपनीत तपासणी विभागात ट्रेनी म्हणून लागले, खोलीवर चूल नव्हती म्हणून खानावळ शोधली, आणि तिथं मला अगदी मनासारखं गिऱ्हाईक सापडलं.

मावशी परभणीकडची. नवरा गेल्यावर थोरल्या भावानं तिला चाकणला आणलं, एका वेल्डिंगच्या दुकानामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन दिल्या, आणि तिनं कंपन्यांतल्या पोरापोरींना जेवू घालायला सुरुवात केली. ती आमची मावशी, म्हणून तिचा भाऊ आमचा मामा. मामा दिघीला राहायचे आणि गुरुवारी, म्हणजे कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बहिणीकडे यायचे. आधी जेवणाचे पैसे घ्यायचा भिंतीवरचा स्कॅनर मामांच्या नावाचा होता. पैसे त्यांच्या खात्यात जायचे आणि ते दर गुरुवारी इमानदारीत आणून द्यायचे. मी यायच्या थोडं आधी मावशीनं स्वतः बँकेत जाऊन स्वतःचं खातं उघडलं होतं, स्वतःच्या नावाचा स्कॅनर आणला होता आणि तो देवांच्या शेजारी लावला होता. सकाळी देवांना फूल वाहताना एखादं फूल त्याच्यावरही पडायचं.

"खोलीचा करार दादाच्या नावाचा," ती मला म्हणाली होती, "गॅसबी दादाच्या नावाचा. ह्ये तेवढं माझ्या नावाचं हाय बग."

एका गुरुवारी मामा जेवायला बसले असताना गॅस सिलेंडरवाला आला आणि मावशीनं नेहमीप्रमाणे आतून आकडे ओरडले. मामांच्या हातातला घास हातातच राहिला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, भांडणात मावशी कुणाला ऐकत नाही. ते शांतपणे म्हणाले, "अगं, हे सगळ्यांना माहितीये?" मावशी म्हणाली, "मग? घरचीच लेकरं हायेत."

मामांनी ताट बाजूला सारलं. "भाऊबीजेपर्यंत वाट बघतो. तोवर तुझा नंबर तुझ्याजवळच राहायला लागला तर ठीक. नाहीतर स्कॅनर परत माझ्या नावाचा लावू. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय." आणि ते खरंच तिच्या भल्यासाठी सांगत होते, हीच पंचाईत होती. त्या रात्री मावशीच्या भाकऱ्या करपल्या.

मी लगेच पदर खोचला. माझ्या मदतीला एक कोकणातला मुलगा होता, वेल्डिंगचा ट्रेनी, उंच आणि अबोल. दाराजवळची जागा त्याची ठरलेली होती. त्यामुळे मावशीचे आकडे सगळ्यात जास्त वेळा त्यानंच टाकलेले होते. मला वाटलं होतं, मावशी फोनवरच्या भामट्यांना सहज बळी पडेल. म्हणून मी त्याला बाहेर रस्त्यावर उभं केलं आणि आवाज बदलून तिला फोन करायला लावला. त्यानं वीज कंपनीचा साहेब होऊन सांगितलं की बिल थकलंय, आत्ता पैसे भरले नाहीत तर लाइट जाईल.

"जाऊ दे," मावशी म्हणाली. "मेणबत्ती हाय. आन् साहेब, तुमी जेवलाव का? आवाज बारीक येऊ लागलाय."

त्यानं बक्षिसाचं आमिष दाखवलं, मुलगा पोलिसांच्या हाती सापडलाय म्हणून घाबरवलं. तिला मुलगा नाही, हे तो गडबडीत विसरला. प्रत्येक वेळी तिनं त्याला असं काही झाडलं की हसून हसून आमची पुरेवाट झाली. परक्या माणसापुढे ही बाई पक्की होती. कच्चेपणा सगळा आपल्या माणसांपुढे होता, आणि त्याबद्दल माझ्या शिबिरात कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग मी तिला पिन बदलायला शिकवलं. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो, तिनं एकेक आकडा दाबला, बदलला, फोन पदराला पुसला. मी खूश. ताटावर येऊन बसते न बसते तोच आतून आवाज आला, "ए लेकरांनो, नवा नंबर ऐकून ठेवा रे!" आणि तिनं तो सांगितला.

मी कपाळाला हात लावला. मला खरोखर राग आला होता. आत जाऊन म्हटलं, "मावशी, मामा स्कॅनर काढून नेतील. तुम्हाला कळत कसं नाही?"

"काय वरडायलीस गं?" ती म्हणाली. "कळायलंय मला सगळं."

मग मात्र माझ्यातली चौकशी खिडकी उघडली, आणि आधीच विचारायला हवा होता तो साधा प्रश्न मी विचारला. "का सांगता पण?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ज्या लेकराला मी माझ्या हातानं जेवू घालते, त्याच्यापासून लपवून ठेवायचं? त्यानं काय समजायचं? मावशीला आपला भरवसा न्हाई म्हनून?"

माझ्या सगळ्या पोस्टरांवर काळ्या चष्म्यातला एक चोर होता. हिला चोराचा प्रश्नच नव्हता. पिन लपवणं तिला ताटावरच्या माणसाचा अपमान वाटत होता. मी तिला व्यवहार शिकवत होते आणि ती त्याच्याकडे रीतभात म्हणून बघत होती. हे मला इतकं नवीन होतं की राग कुठल्या कुठे गेला आणि मी दारातच उभी राहिले.

तेव्हा तो कोकणातला मुलगा ताट घेऊन आत आला. सहसा न बोलणारा माणूस बोलायला लागला की ऐकावंच लागतं.

"मावशी, एक सांगू?" तो म्हणाला. "मी आधी भोसरीला खोलीत राहायचो ना, तिथं एकाचा फोन गेला. मी घेतला नव्हता. पण त्या फोनचं लॉक मला माहीत होतं, तोच कधीतरी बोललेला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. कोणी काय बोललं नाय. नुसतं बघायचे. मी खोली सोडली."

मावशीचा हात परातीत थांबला.

"उद्या तुमच्या खात्यातलं काय गेलं, तर मामा पहिलं माझ्याकडं बघतील. मीच टाकतो ना नंबर. मी घेतले नाय हे मी कसं दाखवू? मला माहीतच नसलं, तर कोण बघणार नाय."

तो ताट मोरीत ठेवून बाहेर गेला. हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि मी, जगाची चौकशी करणारी, त्याला कधी विचारलंही नव्हतं.

"बया," मावशी हळूच म्हणाली. "आसंबी आसतं व्हय?"

तव्यावरची भाकरी तिनं तशीच सोडली. ती मी उलटली, वाईट उलटली. मावशीनं हात धुतले, कोरडे केले, फोन घेतला आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी तिला वळायला सांगावं लागलं नाही, आणि मीही पाठ फिरवली.

सवय मात्र एका दिवसात जात नाही. आतून "ए ऽ ऽ" असा सूर लागला की आम्ही सगळे बाहेरून ओरडायचो, "मावशी, हात धुवा!" दाराजवळ बसणाऱ्यानं फोनला हात लावायचा नाही, असं ठरलं. भाजीवाला ताटकळायचा, कुरकुरायचा. एकदा वाढायला उशीर होऊन सेकंड शिफ्टची बस चुकली म्हणून दोघं जण चिडले. फोनशेजारच्या खिळ्याला मी एक पंचा अडकवला. नवीन पोरं आली की जुनीच त्यांना समजावायला लागली, आणि माझ्यापेक्षा बरं समजावायची. चोराची भीती न घालता ती एवढंच सांगायची, की आपल्यावर नजर जायला नको असेल तर मावशीचा नंबर आपल्याला माहीत नसलेला बरा. काहींनी हेच गावाकडे आईला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. आमच्या पथनाट्यात हे वाक्य असायला हवं होतं.

दिवाळीत कंपनी बंद असते तेव्हाच मशिनींची दुरुस्ती निघते, म्हणून आम्हा ट्रेनींना सुट्टी मिळाली नाही. भाऊबीजेला खानावळीत मी आणि तो मुलगा असे दोघंच होतो. मामा नवा शर्ट घालून आले. मावशीनं पाट मांडला होता, ती पुऱ्यांचं पीठ मळत होती. तेवढ्यात दूधवाला पैशाला आला.

मामांनी सहज केल्यासारखा तिचा फोन उचलला. "नंबर सांग, मी टाकतो. तुझे हात भरलेत."

मावशीनं मान वर केली. तोंड उघडलं. जुन्या सवयीनं ओठांची हालचालही झाली. मग तिनं तोंड मिटलं.

"थांब दादा. हात धुते."

"अगं, मी आहे. मी काय परका आहे?"

"तू हायेस म्हनूनच," ती म्हणाली. "उद्या काय कमीजास्त झालं तर माझी नजर तुझ्यावर जायला नको."

मामांचा चेहरा पडला. आपणच लावलेली परीक्षा आपल्यालाच लागू होईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "इतकी वर्षं तुझे पैसे माझ्याकडे होते," ते म्हणाले. "कधी गेली का तुझी नजर?"

"न्हाई गेली. पर तू दर गुरुवारी जेवायच्या आधी हिशेब सांगायचास. मी न इचारता सांगायचास, माझी नजर जाऊ नये म्हनून. मला लई वाईट वाटायचं बग." तिनं पंच्याला हात पुसले. "आता आलास की आधी जेव."

दूधवाल्याचे पैसे तिनं स्वतः दिले, आमच्याकडे पाठ करून. मग तिनं त्यांना ओवाळलं. त्यांनी खिशातून ओवाळणीचं पाकीट अर्धं बाहेर काढलं, थांबले, परत आत ठेवलं. पाटावरून उठून देवांशेजारच्या भिंतीपाशी गेले आणि त्यांनी आपला फोन स्कॅनरसमोर धरला. फळीवरच्या बोलक्या डब्यानं पैसे जमा झाल्याचं मोठ्यानं सांगितलं, आणि मावशी रडायला लागली. त्या मुलानं मान खाली घालून चकली खाल्ली. मीही रडत होते, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

आता मी हिंजवडीला असते. चाकणला गेले की मावशीकडे जेवते. तिचा पहिला नंबर मला अजून येतो, दुसराही येतो. दोन्ही आता कशालाच लागत नाहीत, तरी इथे लिहीत नाही. तिसरा कोणता असेल, याचा मात्र मी ट्रॅफिकमध्ये अडकले की विचार करते. नवरा गेला ते साल असेल? चाकणला आली ते? की काहीच नसेल, मनात आले ते चार आकडे? मला कळायची फार इच्छा आहे. ती भाकरी वाढताना समोरच बसलेली असते, आणि आयुष्यात हा एवढा एकच प्रश्न मी कुणाला विचारलेला नाही.