एकाच बाजूची मिसरी

तंबाखू भाजून केलेल्या मिसरीचा वास आला की मला नांदेडला दातांच्या दवाखान्यात इंटर्नशिप करताना भेटलेली हदगावकडची एक मावशी आठवते. उजवीकडच्या दोन दाढा तिने आधीच काढून घेतल्या होत्या, तरी कळ थांबत नव्हती. "तिसरी बी काढून टाक, माय. करंट लागल्यावानी हून राहिलंय," ती म्हणाली. एक्स-रेमध्ये दाढ चांगली दिसत होती, पण तिच्या हट्टापुढे आमच्या वरिष्ठ डॉक्टर सरांनी मला भुलीचं इंजेक्शन भरायला सांगितलं. मी सहसा मध्ये बोलत नसे. पण तिच्या डाव्या हिरड्यांवर सकाळच्या मिसरीचे काळे कण होते आणि उजवीकडे एकही नव्हता, नुसतं किटण साचलं होतं. "मावशी, इकडे मिसरी लावत नाही?" "बोट लागलं की जीव जातोय." मी सुई खाली ठेवली. "सर, नुसत्या स्पर्शाने करंट लागतोय. ही दाढ नाही, चेहऱ्याची नस दुखतेय." त्यांनी तिच्या उजव्या गालावरून कापूस अलगद फिरवला, तशी ती कळवळली. दाढ वाचली आणि नसेच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी ती परत आली. हसली तेव्हा दोन्हीकडच्या हिरड्या काळ्याभोर होत्या. आज मी माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला मिसरी सोडायला बजावते; त्या दिवशी मात्र तिच्या काळ्या हिरड्या बघून मीही हसले.