क्यूचं पान उधईनं खाल्लं

किस्से जमवायला काही करावं लागत नाही. चार माणसं दर रविवारी एका जागी बसवा, त्यांच्यामध्ये भांडायला एक निमित्त ठेवा आणि अधूनमधून चहा येऊ द्या. किस्से रेकॉर्ड रूममधल्या फायलींसारखे आपोआप चढत जातात. एक ओढायला जावं तर वरच्या सात अंगावर येतात. मी पस्तीस वर्षं सरकारी कारकुनी केली. अंगावर आलेल्या फायली उचलून जागेवर ठेवणं एवढंच मला नीट जमतं, म्हणून हे लिहून ठेवतो.

आमचं निमित्त म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ. पिशवीत हात घालून सोंगट्या काढायच्या, पटावर आडवे-उभे शब्द लावायचे, ज्या अक्षराची जी किंमत तेवढे गुण. मुलानं पुण्याहून आणून दिला. निवृत्तीनंतर मी घरात बसून त्याच्या आईला स्वयंपाकाबद्दल सूचना देऊ नयेत, हा त्यामागचा उद्देश. तो सफल झाला आहे.

खेळतो आम्ही मूल या गावी, रहीमभाईंच्या गोदामापुढच्या ओट्यावर. राइस मिलवाल्यांना बारदाना पुरवायचा हा रहीमभाईंचा धंदा, त्यामुळे बसायला पोत्यांच्या गठ्ठ्यांची कमतरता नाही. तिसरे भोयर गुरुजी. त्यांनी या गावाला उभी हयात इंग्रजी शिकवलं, आणि ते गावाला आलं नाही याबद्दल ते गावालाच जबाबदार धरतात. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. चौथ्या कुसुमबाई. एटापल्लीकडच्या जंगलात वीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे कोणाला घाबरत नाहीत.

आमचा एकच मोठा नियम. शब्द लावला की त्याचा अर्थ मराठीत, मोठ्यानं सांगायचा. चुकला की सोंगट्या उचलायच्या. नियम गुरुजींचा, डिक्शनरी गुरुजींची, त्यामुळे निकालही गुरुजींचाच.

०

आधी एक जुनं प्रकरण सांगायला हवं, कारण ते दर रविवारी निघतं.

कुसुमबाई गुरुजींच्या विद्यार्थिनी. नववीत गुरुजींनी त्यांना इंग्रजीत चौतीस मार्क दिले. पास व्हायला पस्तीस. वर्ष गेलं. वडील शाळाच सोडवायला निघाले होते. पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं तेव्हा थांबले. बाईंच्या मनात राग नाही. त्या फक्त आठवड्यातून एकदा उल्लेख करतात.

तो एक मार्क गेला 'ऑल' या शब्दात. ए-डब्ल्यू-एल. गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं होतं, ऑल म्हणजे आरी. म्हणजे चपला शिवणाऱ्याचा टोचा, कातड्याला भोक पाडायचा. पण बाईंचे वडील आरा-मशीनवर लाकूड चिरायला. त्यांच्या घरात आरी म्हणजे एकच, लाकूड कापायची. परीक्षेत अर्थ विचारला, तेव्हा बाईंनी विचार केला की आरी हा तर हिंदी शब्द झाला, पेपरात शुद्ध मराठी लिहावं. लिहिलं, 'करवत'. गुरुजींनी लाल शाईनं गोळा दिला.

"मी घोकलं नाई, समजून लिहिलं," बाई म्हणतात.

"समजून लिहिलं, म्हणूनच चुकलं," गुरुजी म्हणतात.

ग्रेसचा एक मार्क देता आला असता की, असं मी एकदा सुचवून पाहिलं. कृपा मागायची जागा मंदिर आहे, शाळा नाही, असं उत्तर मिळालं. रहीमभाई म्हणाले, मशीद बी चालते.

०

हा खेळ मोठ्या शब्दांचा नाही. जिंकवतात ते दोन-तीन अक्षरांचे किडेमकोडे. गुरुजींना असे शंभरेक पाठ आहेत.

एकदा त्यांनी लावला ए-आय. अर्थ सांगितला: दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा प्राणी. झाडाला उलटा लटकलेला असतो, दिवसचे दिवस हलत नाही.

रहीमभाई सोंगट्या खाली ठेवून विचारात पडले.

"माझा जावई दिवसभर घरी लेटून एआय-एआय करून राह्यला. मले वाटे काही कंपनीचं काम असन."

०

त्याच महिन्यात कुसुमबाईंकडे दोन ए आले. त्यांनी लावला ए-ए. अर्थ विचारल्यावर तोंड उघडून दाखवलं. म्हणाल्या, वीस वर्षं रोग्याले हेच सांगत आली: आऽ करा. घसा दाखवणे.

गुरुजींनी डिक्शनरी उघडली. शब्द होता, अर्थ वेगळा होता. ज्वालामुखीच्या तोंडातून येऊन थिजलेला खडबडीत लाव्हा.

"तोंडाचंच काम आहे ना मंग," बाई म्हणाल्या.

सोंगट्या उचलाव्या लागल्या. पण त्या दिवशी गुरुजींनी निकाल द्यायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला, हे मी कारकुनाच्या नजरेनं नोंदवून ठेवलं.

०

माझीही फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःची फाइल दाबली.

मी लावला आर-ई. अर्थ मला झोपेतही आला असता. उभ्या नोकरीत प्रत्येक पत्राच्या डोक्यावर लिहिला होता. म्हटलं, हे 'रिप्लाय'चं छोटं रूप. उत्तर.

गुरुजी म्हणाले, छोटंबिटं काही नाही. पूर्ण शब्द आहे, लॅटिनमधून आलेला. अर्थ: बाबत. सोंगट्या उचला.

म्हणजे पस्तीस वर्षं मी प्रत्येक पत्रावर 'उत्तर' समजून 'बाबत' लिहीत होतो.

"म्हणूनच," कुसुमबाई म्हणाल्या, "तुमच्या हापिसातून कधी जवाब नाई आला."

०

छोटे शब्द धोकादायक असतात, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं. मी अहेरीला असताना एका कार्यालयाच्या आवारात मोहाचं जुनं झाड होतं. कार्यालयाचं नाव सांगत नाही. एक फांदी कौलांवर आली होती, म्हणून छाटणीचा प्रस्ताव वर गेला. साहेब नवे, बाहेरचे, त्या झाडाच्या सावलीत जीप लावणारे. त्यांना झाडाला हात लागलेला नको होता. प्रस्ताव रद्द करा, या अर्थानं त्यांनी फायलीवर दोनच अक्षरं लिहिली, ए-एक्स, खाली सही केली आणि तीन दिवस दौऱ्यावर गेले.

बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, शब्द पाहिला. ॲक्स म्हणजे कुऱ्हाड. साहेबांचा हुकूम इतका स्पष्ट कधीच नसतो, म्हणून ते खूशही झाले.

साहेब परत आले तेव्हा आवारात लख्ख ऊन होतं. कोणी सांगितलं, असं ते दोनदा ओरडले. बडेबाबूंनी फाइल पुढे केली. साहेबांनी आपली सही बघितली, शब्द बघितला, आणि हळूच विचारलं, फांदीचं काय झालं?

"ती पण गेली, सर," बडेबाबू म्हणाले. "प्रस्ताव पूर्ण निकाली काढला."

०

क्यूची गोष्ट वेगळी आहे.

आमची क्यूची सोंगटी पहिल्याच पावसाळ्यात हरवली. रहीमभाईंनी सागाच्या ढलपीतून नवी घासून दिली, वर स्केचपेननं अक्षर काढलं. काम चोख, पण सोंगटी जड आणि खरखरीत. पिशवीत हात घातला की बोटांना कळतं. त्यामुळे क्यू कोणीच काढत नाही. तो शेवटी पिशवीत उरतो आणि ज्याचा हात शेवटी त्याच्या गळ्यात पडतो. आम्ही चौघंही हे करतो, आणि चौघंही करत नसल्याचं सांगतो.

एकदा तो रहीमभाईंच्या गळ्यात पडला. त्यांनी शांतपणे लावला क्यू-ए-डी-आय. काझी.

गुरुजी म्हणाले, क्यूच्या मागे यू लागतो.

"गुरुजी, तुमच्या इंग्रजीत क्यू लंगडा हाय, त्याले यूची काठी लागते. आमच्या उर्दूत आपल्याच पायानं चालते."

डिक्शनरी उघडली. तिथे दुसरंच संकट. वाळवी, म्हणजे आमच्याकडची उधई, नेमकी क्यूवर बसली होती. 'पी' संपत होता आणि त्यानंतर थेट 'क्विक' होतं. मधलं एक पान जाळीदार झालं होतं, अक्षर एक नाही.

वाद तीन रविवार चालला. शेवटी मी ठराव लिहिला: डिक्शनरीचे संबंधित पान उधईमुळे उपलब्ध नसल्यास खेळाडूने सांगितलेला अर्थ ग्राह्य धरण्यात यावा. तीन सह्या झाल्या. गुरुजींनी खाली 'असहमत' लिहून सही केली.

त्यानंतर त्या पानावर काय काय राहत होतं म्हणता! क्यू-ए-टी म्हणजे झिंग आणणारा पाला, इथपर्यंत ठीक होतं. क्यू-ए-एम म्हणजे मुक्कामी ड्यूटीवरची नर्स, हा कुसुमबाईंचा. क्यू-ए-एन म्हणजे कानात घालायची काडी, हा मीच खपवला. सगळे ग्राह्य.

गुरुजींनी मात्र तो ठराव एकदाही वापरला नाही. क्यू हातात सडला तरी दहा गुण वजा करून घेत. एकदा रहीमभाईंनी आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "मी हरीन. उधईच्या भरवशावर खोटं खरं नाही करणार."

०

गुरुजी अडचणीत आले ते एकदाच. त्यांनी लावला जे-ओ. अर्थ मात्र पुटपुटले. मोठ्यानं, आम्ही म्हणालो, नियम तुमचाच आहे.

"प्रेयसी," गुरुजी शेवटच्या बाकाच्या आवाजात म्हणाले.

त्यांच्या सौ. त्यांना जेवायला न्यायला आल्या होत्या. फाटकाजवळ छत्री मिटत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "कोन होय?"

गुरुजी घाईनं म्हणाले, स्कॉटलंडकडची आहे.

"तिथी कवा गेल्ते तुमी?"

०

आता हा परवाचा.

कुसुमबाईंनी गुरुजींना तोवर एकदाही हरवलेलं नव्हतं. मला हरवतात, रहीमभाईंना झोपेत हरवतात. गुरुजींसमोर मात्र शेवटी काहीतरी होतं. परवा पहिल्यांदा तसं झालं नाही. खेळ संपत आला आणि गुरुजी फक्त पाच गुणांनी पुढे होते. त्यांच्या सोंगट्या संपल्या. आमच्यात अशा वेळी बाकीच्यांना एकेक शेवटची चाल मिळते. माझ्याकडे लावण्यासारखं काही नव्हतं. रहीमभाईंकडे क्यू होता.

बाईंकडे दोन सोंगट्या होत्या. त्या त्यांनी बराच वेळ तळहातावर धरून ठेवल्या. पटाच्या कडेला एक एल मोकळा होता. त्यांनी त्याच्या आधी ए ठेवला, मग डब्ल्यू.

ऑल.

सहा गुण. म्हणजे बाई एका गुणानं जिंकत होत्या, अर्थ बरोबर सांगितला तर.

बरोबर अर्थ त्यांना ठाऊक नाही असं नाही. नववीपासून ठाऊक आहे; दर रविवारी तोच तर ऐकतात. टोचा म्हटलं की जिंकल्या. पण टोचा म्हटलं की नववीतला तो गोळाही बरोबर ठरत होता, कायमचा, स्वतःच्या तोंडानं. रहीमभाईंना हे माझ्याआधी कळलं. पोती शिवायचं दाभण त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी बाईंना दिसेल असं स्वतःच्या चपलेत दोनदा खुपसून दाखवलं. बाईंनी तिकडे पाहिलं, आणि मान फिरवली.

"अर्थ," गुरुजी म्हणाले.

"करवत."

"कुसुम, नीट विचार करून सांग." गुरुजींनी त्यांना 'कुसुम' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"विचार तवाच केला होता, गुरुजी. करवत."

रहीमभाईंनी दाभण खाली ठेवलं. मी वहीत बाईंच्या नावापुढे रेघ मारायला पेन्सिल टेकवली.

गुरुजींनी डिक्शनरी मांडीवर घेतली. 'ए' पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला, शोधायला वेळ लागायचं कारण नव्हतं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. पान गुळगुळीत होतं, एक भोक नाही. शब्दाखाली त्यांचं बोट होतं, आणि शब्दापुढे छापलेलं होतं एवढंच: 'आरी'.

ते बोट तिथे बराच वेळ राहिलं. मग त्यांनी डिक्शनरी मिटली, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्याकडे वळले.

"बाबू, ह्या बी पानाले उधई लागली. ठरावाप्रमाणे बाईचा अर्थ लिहून घ्या."