एकतीसपैकी सत्तावीस

नितीन भोये मूळचे जामसरचे, भातशेती करणाऱ्या घरातले, आणि त्यांच्या पाड्यावरून मास्तर झालेले पहिलेच. मोखाड्याहून जीपने अर्धा तास वर गेलं की आमची आठवीपर्यंतची शाळा लागते. तिथे मी सहा वर्षं त्यांच्याबरोबर शिकवलं. गणित ते मुलांच्या घरच्या बोलीत समजावायचे, म्हणून पोरं त्यांच्या तासाला दांडी मारत नसत. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी त्यांना कामचुकार समजू नये.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये वरून एक तक्ता आला. किती मुलांच्या घरी इंटरनेट आहे, नावांची यादी करून आकडा संध्याकाळपर्यंत पाठवा. सरांच्या आठवीत एकतीस मुलं. खरं पाहिलं तर चौघांच्याच घरी इंटरनेटचा फोन असायचा, आणि त्यांनाही रेंजसाठी टेकडी चढावी लागे. पण आदल्या वर्षी पंचवीस लिहिलेले होते.

"आकडा खाली आला की खुलासा मागतात," मुख्याध्यापक म्हणाले. "शेजाऱ्याचा फोन धरा की."

सरांनी शेजाऱ्याचा धरला, काकाचा धरला, आणि सत्तावीस नावांपुढे 'हो' लिहिलं. बाजूच्या टेबलावर मी सातवीचा तक्ता तसाच भरला.

गणपती झाल्यावर शिक्षकांच्या बैठकीला एका संस्थेच्या बाई आल्या. ज्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी इंटरनेट नाही, तिथे त्या टॅब आणि इंटरनेट असलेली अभ्यासखोली करून देणार होत्या. त्यांच्या यादीत आमची शाळा नव्हती. बाईंनी आपणहून विचारलं, "तुमच्या आठवीत सत्तावीस जणांची सोय आहे ना, सर?"

सर "हो" म्हणाले. वीस-पंचवीस शिक्षकांसमोर स्वतःचाच आकडा खोटा म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. मी शेजारीच होते. मलाही झाला नाही. खोली दरीपलीकडच्या शाळेला मिळाली.

आठवीत चैती नावाची मुलगी होती, बुध्या आणि रामीची थोरली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला सरांनीच तिला बसवलं होतं. सरावाची चाचणी दर शनिवारी मोबाईलवर यायची. बापाचा फोन घेऊन चैती टेकडीवर जाऊन ती सोडवायची. दिवाळीनंतर बुध्या भिवंडीला बांधकामावर गेला, आणि फोन त्याच्याबरोबर गेला.

तीन शनिवार तिची चाचणी कोरी राहिली. सरांनी भर वर्गात विचारलं, "चैती, तुला परीक्षा नकोय का? नको असेल तर तसं सांग. आळशीपणाला माझ्याकडे औषध नाही."

ती खाली बघत म्हणाली, "देते सर."

पुढच्या शनिवारी तिने वर्गमैत्रीण करिष्माच्या घरी पाण्याचे दोन हंडे भरून दिले, तेव्हा तासाभरासाठी फोन मिळाला. टेकडीवर पोहोचून तिने नऊ प्रश्न सोडवले आणि बॅटरी संपली. हे, आणि बुध्याने फोन नेल्याचं, करिष्माने आम्हाला थेट निकालाच्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी सरांनी फक्त नऊ प्रश्न पाहिले आणि मान हलवली.

सरांची मुलगी प्राजक्ता त्याच परीक्षेला बसली होती. मोखाड्यात त्यांच्या भाड्याच्या खोलीत वायफाय होतं. निकाल लागला तेव्हा प्राजक्ता यादीत होती, चैतीचं नाव तीन गुणांनी राहिलं. शाळेत सगळ्यांनी सरांकडे पेढे मागितले. त्यांनी विषय बदलला.

त्या संध्याकाळी जीपची वाट बघताना ते मला म्हणाले, "माझी पोरगी गादीवर पडून चाचणी सोडवायची, मॅडम. आणि मी चैतीला आळशी म्हटलं."

रविवारी ते चैतीच्या घरी निघाले. मीही बरोबर गेले. रामी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. सर एरवी तिच्याशी बोलीतच बोलत, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून पुस्तकातली मराठी निघाली. "रामीताई, माझी चूक झाली आहे." मग त्यांनी तक्ता, बैठक, दुसऱ्या शाळेला गेलेली खोली, सगळं सांगितलं.

रामी फुलं पसरत राहिली. "म्हंजे आमचे घरात इंटरनेट हाय, असा तुमी लिवला?"

"हो."

"आमाला एकदा विचाराचा होता." मग ती म्हणाली, "तिचे बापाने फोन नेला तवा पोरगी लय रडली. मना वाटला, पिक्चर बघाया रडते. मी मारला तिला."

चैती पाणी घेऊन आली. सरांनी तिला विचारलं, "फोन नाही, हे मला का नाही सांगितलंस?"

"तक्ता ऑफिसात द्यायला तुम्ही मलाच पाठवलं होतं, सर. माझ्या नावापुढे 'हो' होतं. वर्गात 'नाही' म्हटलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता."

सरांनी पाण्याचा तांब्या घेतला. न पिताच खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी घरोघर फिरून नवा तक्ता केला. बुध्याचा फोन भिवंडीत होता, म्हणून या खेपेला तीनच नावं निघाली. सोबत 'पहिला आकडा मी खोटा लिहिला होता' असं स्वतःच्या सहीचं पत्र जोडलं. मुख्याध्यापक रागावले, वरून लेखी ताकीद आली. सातवीचं काय, असं सरांनी मला विचारलं नाही, आणि मी काही लिहिलं नाही. अभ्यासखोली पुढल्या जूनमध्ये आमच्याकडे आली. तोवर चैती नववीसाठी जव्हारकडच्या निवासी शाळेत गेली होती.

सर महिन्यातून एकदा छापील सरावपत्रिका घेऊन तिला भेटायला जातात. मागच्या आठवड्यात मोखाड्याच्या स्टँडवर ते भेटले, हातात तोच गठ्ठा. मी विचारलं, "बोलते का चैती?"

"बोलते. पत्रिका सोडवून ठेवते." त्यांनी गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. "पण पूर्वी दर दोन गणितांमागे म्हणायची, 'सर, कळलं नाही.' आता कधीच म्हणत नाही."