पिंपातले जंतू

माझी मेंढी ओसरीसमोर पाय झाडत होती आणि शेजारचे रिटायर सर तिला ओलांडून आपल्या पिंपाकडे धावले. पिंपातल्या आंबट, निळसर पाण्यात त्यांनी जंतू पाळलेत. दगडात चिमूटभर तांबं असलं तरी जंतू ते सोडवतात म्हणे. थंडीत सर पिंपाला घोंगडी गुंडाळतात आणि स्वतः कुडकुडतात. तीच घोंगडी ओढून मेंढी ते पाणी प्यायली होती.

"सर, गाडी काढा, डॉक्टर आणा!"

"आजी, गारठ्यानं जंतू मरतील, समजलं का?"

"माझी मेंढी मरतीय, ते तुमाला समजलं का?"

त्यांनी पिंपाला घोंगडी नीट खोचली, मग गाडी काढली. घोडेगावहून डॉक्टर येईपर्यंत मेंढी गेली. सकाळी सरांनी हसत सांगितलं, जंतू सगळे जगले.