कडुनिंबाच्या फांदीचे तापमान

टपाल खात्यातून निवृत्त झालेले देवचंद सोनवणे छापील सूचना पाळणारे गृहस्थ होते. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या अंगणात कडुनिंब होता आणि त्याची एक जाड फांदी शेजारच्या अभिमन पाटलांच्या गच्चीवर गेली होती. तिथे वाळत घातलेल्या पाटलीणबाईंच्या कुरडयांत पाला पडे. अभिमनना फांदी तोडायची होती. झाडाखाली गारवा असतो, असे देवचंदांचे म्हणणे होते.

"यंत्रात फरक दिसू द्या नाना, मंग फांदी राहू द्यू," अभिमन म्हणाले.

यंत्र म्हणजे १९९८च्या मेमध्ये देवचंदांच्या पुतण्याने, वाल्मीकने, परदेशातून आणलेला बिनतारी तापमापक. बाहेर एक डबी टांगायची, ती मोजते. घरातल्या पडद्यावर आकडा उमटतो. देवचंदांनी इंग्रजी माहितीपत्रक दोनदा वाचले. डबी सावलीत टांगावी, उन्हात कधीही नाही, या ओळीखाली त्यांनी रेघ मारली.

डबी चोरीला जाईल म्हणून त्यांनी ती स्टीलच्या डब्यात ठेवून डबा झाडाला बांधला. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा आल्या. त्यांनी सेल बदलले. रेघाच. डबी हातात घेऊन अंगणात उभे राहिले, तर आकडा आला. डब्यात ठेवली, गेला. स्टीलचा डबा स्वयंपाकघरात परत गेला आणि डबी सुतळीने उघडीच टांगली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर एकोणतीस होते. अभिमन बघायला आले.

"एकोणतीस? मंग तुम्हले घाम काबर येस, नाना?"

देवचंदही त्याच विचारात होते. जळगावात मे महिन्यात दुपारी एकोणतीस होत नाही. ते बाहेर गेले. डबीला ओले फडके गुंडाळलेले होते.

"उनमा तपी जाई ते," देवचंदांच्या पत्नी प्रमिलाबाई दारातून म्हणाल्या. "माठले वलं फडकं लावतस, तसं येले बी लावं. तुमनंच काम करं मी."

अभिमननी फडके पाहिलेले नव्हते. देवचंदांनी ते सोडून त्यांच्या हातात दिले. अर्ध्या तासाने पडद्यावर त्रेचाळीस आले.

मग फरक पाहायला दोघे डबी घेऊन पाटलांच्या गच्चीवर गेले. गच्चीभर ऊन होते. देवचंदांनी सावली शोधली. ती एकाच कोपऱ्यात होती, त्या फांदीखाली. डबी तिथे टांगली. खाली येऊन पडद्यावर पाहिले तर त्रेचाळीस.

"इकडे त्रेचाळीस, तिकडे त्रेचाळीस," अभिमन म्हणाले. "फरक कोठे शे?"

"फरक नाही," देवचंद म्हणाले.

"अहो, पण ती सावली आपल्याच..." प्रमिलाबाईंनी सुरुवात केली.

"सूचनेप्रमाणे टांगली होती," देवचंद म्हणाले.

रविवारी फांदी तोडली गेली. पाटलीणबाईंच्या कुरडया एका दिवसात कडक वाळल्या, एक पान पडले नाही. गच्चीच्या त्या कोपऱ्याखाली अभिमनची झोपायची खोली होती. पंखा गरम हवा फेकू लागला.

बुधवारी दुपारी अभिमन स्वतःची खुर्ची उचलून देवचंदांच्या अंगणात, उरलेल्या झाडाखाली येऊन बसले. प्रमिलाबाईंनी पाणी दिले.

"आठे झाडखाले बरं वाटस, नाना," ते म्हणाले.

"यंत्रात फरक नाही," देवचंद म्हणाले आणि त्यांच्यासाठी आपली खुर्ची थोडी सरकवली.